जुन्या बोर्डावरचा सतरावा जबाब

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

संगणक आज तिसऱ्यांदा आपण होऊन बंद पडला. पहिल्या वेळी मी विजेला दोष दिला, दुसऱ्या वेळी उन्हाला. आज वीज अखंड होती, सकाळ थंड होती आणि यंत्रावर काही भारही नव्हता — मी एका वाक्यात स्वल्पविराम कोठे द्यावा याचा विचार करत बसलो होतो. दोन्ही कारणे बाद. दोष यंत्राचाच!

घेतला तेव्हा निवृत्तीला एक वर्ष उरले होते. म्हणजे सोळा वर्षे झाली. इंदू स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुमच्यासंगं तोबी रिटायर झाला असता तं बरं झालं असतं. तुमी झाले नाई, अन् त्यालेबी होऊ देल्लं नाई." पत्नीचे हे विधान मी येथे नोंदवून ठेवतो.

नवा संगणक घेणे सोपे आहे, पण अनावश्यक. पेटी शाबूत आहे, पडदा शाबूत आहे, कळफलकावरची अक्षरे पुसली गेली असली तरी बोटांना पाठ आहेत. जे बिघडले तेवढेच बदलावे. काय बिघडले, हे आधी ठरले पाहिजे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

पुनम आली. सावली गावात बसस्थानकासमोर तिचे दुरुस्तीचे दुकान आहे. हत्यारांची पिशवी खाली ठेवता ठेवताच म्हणाली, "सर, मले ओळखलं का? बारावीले तर्कशास्त्र होतं माझं, तुमच्याच वर्गात. पस्तीस मार्क!"

"तेहतीस," मी म्हणालो. "दोन कृपागुण होते."

"बापा! अजून ध्यानात हाय?"

पेटी अंगणात नेऊन उघडली. हवा मारताच धुळीचा लोट उठला आणि इंदूने दोरीवरचे कपडे ओढून आत नेले. आत पालीची दोन अंडी, मुंग्यांचे जुने वारूळ, वाळलेली गांधीलमाशी. "सर, ह्यात तं अख्खा ताडोबा हाय! वाघच तेवढा राह्यला."

मग तिने बोर्डावर बोट ठेवले. बारीक नळकांड्यांची एक रांग आहे. त्यांतल्या तिघांचा माथा फुगला होता. विजेचा पुरवठा सांभाळणारे हे भाग. म्हणून यंत्र मध्येच धीर सोडते. कारण दिसले, दाखवता आले — समाधान वाटले.

मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, वीजपुरवठ्याचा डबा आणि साठवणीची चकती हे सारे नवे लागणार. मी विचारले, "मग जुने काय उरले?"

"पत्रा," ती म्हणाली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सुटे भाग चंद्रपूरहून मागवले. तोवर हाताने लिहितो आहे. यंत्रासारखे माझे अक्षरही बिघडले आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

इसरूभाऊ आले होते, नदीपलीकडून, मोटारसायकलवर. ते कोसमटोल्याच्या ग्रामसभेचे अध्यक्ष. २०१२ साली त्यांच्या गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा मी लिहून दिला होता. जंगल पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या वहिवाटीत आहे हे सिद्ध करण्यासाठी वृद्धांचे तीस जबाब घेतले. ते गोंडीत बोलत, इसरूभाऊ मराठीत सांगत, मी लिहीत असे. पुढच्या वर्षी गावाला हक्काचा कागद मिळाला. माझ्या हातून झालेल्या कामांत ते मी नीट झालेले मानतो.

आज ते खुर्चीच्या कडेवर बसले. चहा पिऊन झाल्यावर बोलू लागले.

"सर, बेलगोंदीच्या बाया औंदा मोहाची फुलं वेचाले येतो म्हन्ते. आमच्याच गावच्या लेकी हाय, पन तिकडं देल्लेल्या. आमी म्हटलं, कागदात तुमचं नाव नाई. तं थे दिव्यानी हाय ना, बेलगोंदीच्या रुखमाबाईची नातसून, थे म्हन्ते — पूरा कागद आना. सारे जबाब आमच्यापुढं वाचा. मंग नाई म्हना."

"योग्य मागणी आहे," मी म्हणालो.

"हाय न. पन ग्रामसभेच्या पेटीतले जबाब वाळवीनं खाल्ले. वरचा हक्काचा कागद तेवढा बरा हाय. सोळा मार्चले सभा हाय, दोनी गावची. तुमच्या मशीनीत असन न सारं?"

आहे. टंकलेखन पूर्ण झाल्यावर हस्तलिखिते मी शिस्त म्हणून नष्ट करतो, म्हणजे एका मजकुराच्या दोन आवृत्त्या राहत नाहीत. जे आहे ते यंत्रात आहे. त्यांना सांगितले: जबाब पूर्ण आहेत, मीच तयार केले आहेत, छापून देतो, त्यात बेलगोंदीचा उल्लेख नाही, हे सभेला दिसेल.

जाताना दारात थांबून म्हणाले, "तुमी म्हन्ता म्हंजे नसनच." चेहऱ्यावर सुटकेचा भाव अपेक्षित होता. तो दिसला नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

भाग आले! दिवसभर जुळणी. प्रोसेसर चौकोनी घरात एकाच बाजूने बसतो. जोर लावायचा नसतो, नुसता सोडायचा असतो. त्यावर राखाडी मलम — हरभऱ्याएवढे, अधिक नाही. मग पंखा. नवी चकती पत्त्याच्या पानाएवढी आहे आणि तिच्यात फिरणारे काहीच नाही.

बटण दाबले. पंखे फिरले, पडदा काळा! मी पुनमकडे पाहिले, पुनमने छताकडे. मग तिने रॅमची पट्टी काढून पुन्हा बसवली. दोन्ही कडांना टक्‌ टक्‌ असा आवाज आला. पडदा उजळला. "एका बाजूनंच बसली होती, सर. अर्धी बसलेली पट्टी दिसाले पूरी बसल्यासारखीच दिसते."

जुन्या चकतीवरचे सारे नव्या चकतीवर उतरवले. पुनमने विचारले, "जुना बोर्ड ठेवता का?"

"ने. भंगारात दे." निरुपयोगी वस्तू जपण्याचे कारण नसते.

सोमवार, २४ फेब्रुवारी

यंत्र कल्पनेपलीकडे वेगवान आहे. पण कोसमटोल्याचे जबाब उघडत नाहीत.

कारण समजायला वेळ लागला, समजल्यावर मात्र स्वच्छ आहे. त्या काळी मी मराठी टंकलेखनाची जी प्रणाली वापरत असे, तिला एक कुलूप होते — आगपेटीएवढी खरोखरीची वस्तू. ते यंत्राच्या पाठीमागच्या रुंद, पंचवीस भोकांच्या खोबणीत खोचल्याशिवाय ती प्रणाली एक अक्षर दाखवत नसे. कुलूप माझ्या खणात आहे. खोबण जुन्या बोर्डाला होती, नव्याला नाही. दुसऱ्या प्रणालीत फाइल उघडली तर पानभर टिंबे, कंस आणि उलटे प्रश्नचिन्ह!

म्हणजे जबाब माझ्यापाशी आहेत आणि मी ते वाचू शकत नाही. वाचण्याचे एकमेव साधन मी परवा भंगारात द्यायला सांगितले.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

पुनमचे दुकान बंद. फोन लागत नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी

ती मार्कंड्याच्या जत्रेला गेली आहे, असे शेजारच्या चहावाल्याने सांगितले. "महाशिवरातीले सारेच जाते, सर. तुमी काऊन नाई गेले?" भंगारवाला कोणत्या वारी येतो, असे मी विचारले. गुरुवारी. उद्या गुरुवार आहे. दुकानाच्या मागच्या ढिगातून तो स्वतःच उचलून नेतो, असेही कळले.

इंदूने जेवताना विचारले, "ताटात का दिसून राह्यलं तुमाले?"

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

बोर्ड आहे! पुनमने तो फळीवर, कागदात गुंडाळून, वर माझे नाव लिहून ठेवला होता. "मी कोनाचीच वस्तू महिनाभर फेकत नाई, सर. लोकं पयले फेक म्हन्ते, मंग मांगाले येते. तुमी तं सहा दिवसांतच आले."

मी तिचे आभार मानले. माझी आज्ञा तिने पाळली नाही, याबद्दल मानलेले हे माझ्या आयुष्यातले पहिले आभार असावेत.

जुना बोर्ड आता जेवायच्या पाटावर उघडाच मांडला आहे. जुनी चकती त्याला जोडली, कुलूप खोचले, टेबलपंखा त्याच्यावर रोखला. इंदू पाहून गेली. "माझ्या माहेरचा पाट होय तो! आता पाहुन्यायले जेवाले मशीनीवर बसवू का?"

यंत्र सुरू झाले. पहिला जबाब अक्षरशः उजळला. पुनम म्हणाली, "घाईनं करा, सर. ह्याचे टोपे अजून फुगले. हा चार-पाच दिवसांचा पाहुना हाय."

रविवार, २ मार्च

पद्धत बसली. जुन्या यंत्रावर एक जबाब उघडायचा, साध्या मजकुरात उतरवायचा, पेनड्राइव्हने नव्यावर न्यायचा; तेथे एक प्रणाली तो आजच्या अक्षरांत बदलते. जोडाक्षरे विस्कटतात. मी जुन्या पडद्याशी ताडून एकेक शब्द सुधारतो. नवे यंत्र पेटीत, जुने पाटावर. मी दोघांच्या मध्ये. बारा जबाब झाले.

सोमवार, ३ मार्च

तीस पूर्ण. मग सवयीने मोजले. दाव्याच्या यादीत तीस जबाब आहेत, चकतीवर एकतीस फाइली. एक फाइल वेगळ्या कप्प्यात आहे. कप्प्याचे नाव मीच दिलेले: "वगळलेले". आत सतरावा जबाब. पुढचे सारे क्रमांक मी तेव्हा एकेकाने मागे ओढले होते. म्हणून यादीत फट दिसत नाही.

उघडला. येथे उतरवतो:

"माझे नाव रुखमा. जन्म कोसमटोल्याचा, नांदते बेलगोंदीला. नाल्यापलीकडच्या टेकावरचे मोहाचे मोठे झाड माझे आहे. लग्नात बापाने दिले. आमच्या गावात लेकीला लग्नात झाड देतात. ती कोठेही नांदो, मोह पडू लागला की येऊन आपल्या झाडाखाली वेचते. माझ्यासारख्या आणखी अकरा जणी बेलगोंदीहून येतात. आम्हाला कोणी विचारत नाही, कारण विचारण्यासारखे त्यात काही नाही."

पुनमने विचारले, "हा करायचा का?"

मी म्हणालो, "उद्या."

मंगळवार, ४ मार्च

जुने यंत्र आज सुरू झाले नाही. पुनमने तीनदा प्रयत्न केला. पंखा अर्धा फेरा घेऊन थांबतो. "बसला वाटते, सर."

पुढील वाक्य लिहिणे आवश्यक आहे, म्हणून लिहितो. हे ऐकताच मला प्रथम जे वाटले, ती सुटका होती.

सतरावा जबाब वाचला गेला नाही, तर तो मी वाचलाच नाही असे होईल. या रोजनिशीतला उतारा सोडला तर जगात त्याची दुसरी प्रत नाही, आणि रोजनिशी माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. कोणाला सांगायला नको, कोणाशी खोटे बोलायला नको. नुसते काहीच करायला नको. आणि दाव्याच्या शेवटी माझ्या सहीचे प्रमाणपत्र आहे: "घेतलेले सर्व जबाब सोबत जोडले आहेत." ते तसेच राहील.

पुनम पेचकस पिशवीत भरत होती. मी विचारले, "फुगलेली नळकांडी बदलता येतात का?"

"येते. दिवस जाईन. पन तीस तं झाले न तुमचे?"

"एकतीस आहेत," मी म्हणालो.

बुधवार, ५ मार्च

दुपारी चारला बोर्ड बोलला. पुनमने दुसऱ्या एका मृत बोर्डावरची तीन नळकांडी काढून ती याला डाक देऊन बसवली. मी प्रथम सतरावा जबाब उतरवला, दोन ठिकाणी साठवला, छापला. मग चहा घेतला.

गुरुवार, ६ मार्च

२०१२ साली मी काय विचार केला होता, हे पूर्ण आठवते. दावा असा होता की हे जंगल कोसमटोल्याचे. बेलगोंदीत नांदणारी बाई येथे हक्काने वेचते म्हटले, तर समोरचा अधिकारी विचारील, मग जंगल तुमचे कसे? तीस जबाब एका दिशेने चालत होते, हा एक आडवा जात होता. खोटा आहे असे मला तेव्हाही वाटले नव्हते. विसंगत वाटला, म्हणून काढला. कोणाला विचारले नाही.

इंदूला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती, थांबली.

"अन् हे तुमी काढून टाकलं? काऊन?"

"विसंगत होते."

"कोनाशी?"

"बाकीच्यांशी. एका गावाचे जंगल असेल, तर दुसऱ्या गावच्या बाईचे झाड त्यात कसे?"

"मी मोहर्लीची," ती म्हणाली. "पन्नास वर्षं झाले इथी येऊन. अजून भाऊ सीताफळाचं पोतं पाठवते. माझ्या हिस्स्याचं झाड हाय म्हन्ते. तं मोहर्ली भावाची नाई झाली काजी? का मी तुमची नाई झाली?"

आणि पुन्हा भाजी निवडू लागली.

शुक्रवार, ७ मार्च — सकाळ

पहिले विधान: हे जंगल कोसमटोल्याचे आहे. दुसरे: बेलगोंदीत नांदणाऱ्या लेकी तेथे आपापल्या झाडांचा मोह वेचतात. या दोहोंत विरोध नाही. विरोध दिसण्यासाठी तिसरे विधान लागते: जे एका गावाचे, ते अन्य कोणाचेच नाही. एकतीसही जबाब आज पुन्हा वाचले. हे तिसरे विधान एकाही साक्षीदाराने केलेले नाही. ते माझे आहे.

तेहतीस वर्षे मी वर्गात हेच शिकवत होतो — युक्तिवादात जे बोलले गेले नाही आणि तरीही ज्याच्यावर सारे उभे आहे, ते शोधा.

शुक्रवार, ७ मार्च — संध्याकाळ

इसरूभाऊंना बोलावून घेतले. छापलेला जबाब त्यांच्या हातात दिला. ते अक्षर लावून वाचतात, ओठ हलवत. वाचून झाल्यावर कागद उलटा करून गुडघ्यावर ठेवला.

"मीच सांगितलं होतं तुमाले हे मराठीत," ते म्हणाले.

"मग इतकी वर्षे का बोलला नाहीत?"

"मंग छापून आलं तं त्यात नव्हतं. मले वाटलं, कायद्यात बसत नसन. तुमी शिकलेले. तुमी काढलं म्हंजे काई कारन असन."

"गावाला काय सांगितलेत?"

"तेच सांगितलं. कागद आला त्याच साली बेलगोंदीले निरोप देल्ला, आता येऊ नका, कायदा नाई म्हन्ते. आल्या नाई बिचाऱ्या. भांडल्याबी नाई." गुडघ्यावरचा कागद सरळ करून म्हणाले, "माझी सख्खी बहीन हाय सर त्यात. बारा वर्षं झाले, मोहाच्या दिवसांत माझ्या घरी आली नाई."

कायद्याने असे काहीही म्हटलेले नाही. हक्काच्या कागदात इतरांना मनाई करणारे एक अक्षर नाही. काल मी तो ओळीओळीने तपासला. त्यांची एकच शंका होती: हे उघड केले तर गावाचा हक्क परत उकरतील का? मी म्हणालो, प्रमाणपत्र खोटे ठरले तर ते माझे ठरेल, गावाचे नाही. सभेत मी तसे सांगेन.

"तुमीच सांगा," ते म्हणाले. "मी गोंडीत करतो."

रविवार, ९ मार्च

रुखमाबाई आल्या — मी जाणार होतो, त्याआधीच. सोबत दिव्यानी, तिनेच गाडीवर आणले. दिव्यानी बेलगोंदीच्या ग्रामसभेची सचिव आहे. ती पुरेशा सभ्यपणे बोलली आणि तरीही पहिल्या वाक्यापासून उलटतपासणी करत होती. मला ते आवडले.

रुखमाबाईंचे वय पंच्याहत्तरच्या पुढे असावे. खुर्ची नको म्हणाल्या, भिंतीला टेकून बसल्या. पाटावरच्या उघड्या बोर्डाकडे पाहत राहिल्या.

"ह्याच्या पोटात होतं का माझं बोलनं?"

पुनम पसारा आवरत होती. म्हणाली, "होय वो माय. बारा-तेरा वर्षं होतं. बाहेर काहाडता काहाडता जीव गेला असता ह्याचा."

"बाईचं बोलनं होय," रुखमाबाई म्हणाल्या. "पचलं नसन त्याले." इंदू आतून हसलेली ऐकू आली.

मी त्यांची क्षमा मागितली. काय केले, का केले, आणि ते का चूक होते, हे क्रमाने सांगितले. माझे पुस्तकी मराठी त्यांना कळावे म्हणून दिव्यानी प्रत्येक वाक्य गोंडीत सांगत गेली. मी बोललेल्यापेक्षा तिचे सांगणे बरेच लहान होत होते.

शेवटी मी विचारले, झाड आता कसे आहे, यंदा फुलले आहे का.

"झाडाचं सोडा, सर," रुखमाबाई म्हणाल्या. "माझं बोलनं पूरं हाय का, ते पाहा. बाकीच्या अकरा जनीचं हाय न त्यात?"

आहे, असे दाखवले. दिव्यानीने तो शब्द बोटाखाली धरून त्यांना वाचून दाखवला. पुरावा आणि पुराव्याचा विषय यांत त्या किती स्पष्ट भेद करतात, याचे मला कौतुक वाटले.

बुधवार, १२ मार्च

मोह पडू लागला, असा इसरूभाऊंचा फोन. सभेपर्यंत कोणीच वेचायचे नाही, असे दोन्ही गावांनी ठरवले आहे. जे पडते ते हरणे खातात.

शनिवार, १५ मार्च

नव्या यंत्राच्या तारा बांधल्या, पेटीचे दार लावले, पेच आवळले. आता आवाज येत नाही. सुरू आहे हे हात लावून पाहावे लागते. जुना बोर्ड पुनमला दिला — "याचे जे उपयोगी पडेल ते वापर." पाट धुऊन इंदूकडे परत.

एकतीस जबाबांच्या दोन प्रती, दोन गावांसाठी. सतरावा त्याच्या मूळ जागी, सोळा आणि अठराच्या मध्ये.

रविवार, १६ मार्च

सभा झाली. कोसमटोल्याच्या समाजमंदिराच्या ओट्यावर, दोन्ही गावांची मिळून दीडशे माणसे.

मी प्रथम माझे प्रमाणपत्र वाचले आणि ते असत्य आहे असे सांगितले. मग जबाब वाचला. इसरूभाऊ वाक्यावाक्याला थांबून गोंडीत सांगत होते. "लग्नात बापाने दिले" हे वाक्य त्यांनी गोंडीत दोनदा सांगितले. जबाब संपला तेव्हा कोणीही बोलले नाही. ती शांतता बरीच लांबली. लोक रुखमाबाईंकडे पाहत होते, त्या जमिनीकडे. इतक्या वर्षांनी ऐकवल्या गेलेल्या शब्दांचा हा मान आहे, असे मी समजलो.

शांतता मोडली सोनीबाईंनी. कोसमटोल्याच्या, माझ्याच वयाच्या. "अजी सर, तुमाले कापाचाच होता तं एखाद्या बाप्याचा जबाब कापाचा होता! एकतीस जनात बाईचाच सापडला तुमाले?" सारा ओटा हसला. मी म्हणालो, आक्षेप मान्य आहे. त्याचे गोंडी झाले तेव्हा पुन्हा हसले.

विरोध फार झाला नाही. मागच्या बाजूला बसलेल्या अतुलने — व्यापाऱ्याशी गावाचा व्यवहार तो पाहतो — विचारले, आज अकरा आल्या, उद्या त्यांच्या सुना-नाती येतील तर? दिव्यानी उभी राहिली. "नाई येनार. झाड लेकीचं होय, सुनेचं नाई. मी सून होय. मले एक फूलबी नको." तो बसला.

लेकींनी आपापल्या झाडाचा मोह वेचावा, हा ठराव मी लिहावा असे इसरूभाऊ म्हणाले. मी कागद दिव्यानीपुढे सरकवला. एकेक बाई उठून आपले झाड सांगू लागली: बोडीच्या म्हणजे लहान तळ्याच्या पाळीवरचे, दोन खोडांचे, ज्याच्यावर वीज पडली होती ते. इसरूभाऊंच्या बहिणीने सांगितलेले झाड त्यांच्याच बांधाला लागून आहे. ते मान खाली घालून ऐकत होते.

रुखमाबाईंची पाळी आली. त्या उठल्या नाहीत. "पुढचं घ्या," म्हणाल्या. दिव्यानीने काही न विचारता पुढचे नाव घेतले. त्यांचे झाड जबाबातच नोंदलेले असल्याने पुन्हा सांगण्याची गरज त्यांना वाटली नाही, हे उघड होते. अकरा झाडे लिहून झाली. मी साक्षीदार म्हणून सही केली.

बरे वाटले. वाहनात बसताना रुखमाबाईंनी माझ्या हाताला हात लावला.

सोमवार, १७ मार्च

काल रात्री गाढ झोप लागली. यंत्र उत्तम चालते आहे.

गुरुवार, २० मार्च

पहाटे इसरूभाऊंसोबत बोडीपासून नाल्यापलीकडच्या टेकापर्यंत चालत गेलो. अकरा जणी अकरा झाडांखाली वेचत होत्या. रुखमाबाई त्यांच्यात फिरून भरलेल्या टोपल्या उचलत होत्या. त्यांचे झाड कोणते, असे मी विचारले. इसरूभाऊंनी झुडपात दडलेला एक बुंधा दाखवला — वर वाळवीची माती चढलेली. "सात वर्षं झाले, सर. वादळात पडलं. कागदात त्याच्यावर कोनाचंच नाव नाई म्हनून गावानं लाकूड वाटून घेतलं." सभेत बसलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक होते. रुखमाबाईंनाही.